मुलं सांभाळून पुन्हा कॉलेज: शिष्यवृत्ती आणि आर्थिक मदतीबद्दल मुंबईतल्या एकल मातांचे नेहमीचे प्रश्न

पतीचं निधन, घटस्फोट, सोडून गेलेला नवरा, किंवा लग्नाशिवाय आलेलं आईपण. कारण कुठलंही असो, कॉलेजच्या खिडकीपाशी अडचणी त्याच येतात. ‘एकल माता शिष्यवृत्ती’ असं शोधत बसलात तर हाती फारसं लागत नाही. मदत आहे, पण ती जात प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा मार्ग अशा वेगवेगळ्या खणांत विखुरलेली आहे. त्यातला चौथा खण सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेकींना उशिरा कळतो.

सुरुवात कुठून करू? आधी प्रवेश की आधी शिष्यवृत्ती?

आधी कागद, मग प्रवेशाचा मार्ग, मग शिष्यवृत्ती. जूनमध्ये प्रवेश घेऊन ऑगस्टमध्ये दाखल्यांमागे धावणाऱ्या बाईचं वर्ष हातचं जाऊ शकतं. उत्पन्नाच्या दाखल्याला नियमाने १५ दिवस आणि जातीच्या दाखल्याला ४५ दिवस लागतात. प्रवेशाच्या हंगामात गर्दी असते, त्यामुळे एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका.

माझं वय ३६ आहे. वय आडवं येईल का?

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वयाची वरची अट नाही. कला, वाणिज्य, विज्ञान आणि तीन वर्षांच्या एलएलबीलाही वयामुळे सहसा अडत नाही. वय आडवं येतं ते तीन ठिकाणी. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना ३५ वर्षांची मर्यादा आहे, म्हणजे ३६ व्या वर्षी ती वाट बंद झालेली असते; ३५ च्या आत असाल आणि नर्सिंगचा विचार असेल तर वेळ दवडू नका. दुसरं, काही खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या ३० वर्षांपर्यंतच असतात. तिसरं ठिकाण कोणाच्या ध्यानात नसतं: लोकलचा विद्यार्थी पास. त्याबद्दल खाली आहे.

माझ्यासाठी नेमकी कुठली योजना?

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. ढोबळ वाटणी अशी.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध: वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची माफी; भत्ता नाही. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची अशीच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक): ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ही सवलत ५० टक्के होती. आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या वर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे.

आता तो चौथा खण. हे १०० टक्के मिळतात ते केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन कॅप फेरीतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतलात तर तेच कॉलेज, तोच वर्ग आणि तोच बाक असला तरी पूर्ण फी तुमच्या माथी. कॅपच्या तारखा हुकल्यावर ‘डायरेक्ट अॅडमिशन करून देतो’ म्हणणारे भेटतात, आणि घाईत बायका तिथे सही करतात. त्या सहीनंतर शिष्यवृत्तीचं दार बंद होतं. एक वर्ष थांबून सीईटी देणं अनेकदा स्वस्त पडतं. खासगी आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या योजनेत येत नाहीत.

माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास निधी, जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र या नावांखाली कॉलेज पैसे घेतंच. प्रवेशाआधी फीचा छापील तक्ता मागून घ्या आणि शिक्षण शुल्काची ओळ वेगळी पाहा.

मला साधं बी.कॉम. करायचं आहे. त्याला कॅप नाही. मग?

मग अनुदानित तुकडी शोधा. मुंबईत एकाच कॉलेजात अनुदानित बी.कॉम. आणि विनाअनुदानित बीएएफ (अकाउंटिंग आणि फायनान्स) यांसारखे कोर्स शेजारी-शेजारी चालतात. अनुदानितची फी काही हजारांत असते, शेजारच्याची कितीतरी पट. नोकरी करणारीला सकाळचं सत्र असलेलं कॉलेज सोयीचं. मुलांची शाळा दुपारची असेल तर अडचण होते, पण संध्याकाळ मोकळी राहते. एसएनडीटी महिला विद्यापीठही जरूर पाहा. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये ते सुरू केलं. चर्चगेट आणि जुहूला त्याचे परिसर आहेत. आणि एक सावधगिरी: एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता घेतलेल्या बीबीए, बीसीए, बीएमएसला २०२४ पासून सीईटी आहे. ‘बारावीच्या टक्क्यांवर होऊन जाईल’ असं गृहीत धरू नका.

उत्पन्न कोणाचं धरतात? माझं, वडिलांचं की नवऱ्याचं?

यावर सर्वाधिक अर्ज अडतात, कारण प्रत्येक योजनेत कुटुंबाची व्याख्या वेगळी आहे.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर नियमांत, लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीसाठी नवऱ्याचं उत्पन्न धरतात. म्हणून पतीचा मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा अर्जासोबत हवाच. तो जोडला नाही तर तपासणारा ‘पतीचे उत्पन्न जोडावे’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवतो.

ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात कुटुंब म्हणजे तुम्ही, तुमचे आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडं, जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं. म्हणजे दहा वर्षं वेगळं राहत असलात तरी वडिलांचं उत्पन्न धरलं जातं.

ओबीसीच्या नॉन-क्रीमी लेयर (प्रगत गटात मोडत नसल्याच्या) दाखल्यात उलट आहे. तिथे आई-वडिलांची स्थिती पाहतात. नवऱ्याचा पगार किंवा तुमचा स्वतःचा पगार त्यात येत नाही. सेतू केंद्रावर कोणी नवऱ्याचा पगार दाखला मागितला तर शांतपणे हे सांगा.

उत्पन्नाचा दाखला मुंबई शहरात राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, फोर्टच्या ओल्ड कस्टम हाउसमधून. उपनगरात असाल तर अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला, यांपैकी तुमच्या तहसील कार्यालयाकडून. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरबसल्याही करता येतो. आधार, रेशन कार्ड आणि पगाराची चिठ्ठी किंवा फॉर्म १६ लागतो. घरकाम किंवा डबे करत असाल तर स्वयंघोषणापत्र, आणि जमलं तर कामाच्या ठिकाणचं पत्र. रेशन कार्डावर अजून नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव असेल तर आधी शिधावाटप कार्यालयातून कार्ड वेगळं करून घ्या. नाहीतर तहसीलदार त्या कार्डावरच्या सगळ्यांचं उत्पन्न विचारतो.

पंधरा दिवस उलटले आणि दाखला नाही? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली पहिलं अपील करता येतं. अर्जाची पावती जपून ठेवा. तिच्यावरच्या तारखेपासून दिवस मोजले जातात.

नवरा सोडून गेला आहे, पण घटस्फोट झालेला नाही. माझ्याकडे कसलाच कागद नाही.

सगळ्यांत अवघड परिस्थिती हीच. नुसत्या तोंडी सांगण्यावर कार्यालय पुढे जात नाही. दोन गोष्टी एकाच वेळी सुरू करा. एक, वेगळं रेशन कार्ड, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, भाडेकरार किंवा वीजबिल, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत असे वेगळं राहत असल्याचे कागद गोळा करून परित्यक्ता म्हणून प्रतिज्ञापत्र करा. दोन, पोटगीचा अर्ज दाखल करा. मुंबईचं कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. वकिलाच्या फीची काळजी नको: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. न्यायालयात दाखल झालेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत हा तुमच्या हातातला पहिला सरकारी कागद, आणि पुढे तो अनेक ठिकाणी उपयोगी पडतो.

दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. काय करू?

हे नीट समजून घ्या. समजा दहावीला ‘कदम सुनीता रामचंद्र’ आहे, आधार आणि बँकेत ‘सुनीता विजय पवार’, आणि जातीच्या दाखल्यावर पुन्हा ‘कदम’. महाडीबीटी नाव आधारवरून घेतं, कॉलेजचा लिपिक मार्कलिस्ट पाहतो, आणि दोन्ही जुळली नाहीत की अर्ज परत येतो.

जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र. घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घ्यायचं असेल तर तेही राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. मग क्रम पाळा: आधी राजपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी कॉलेज आणि महाडीबीटी. मधेच उलटसुलट केलं तर बँक खातं आणि आधार यांत वेगवेगळी नावं राहतात, आणि मंजूर झालेली रक्कम खात्यात न जाता परत फिरते. शिक्षणाची कागदपत्रं माहेरच्या नावाची असतील तर माहेरचंच नाव सगळीकडे ठेवणं सोपं जातं. मुलांच्या शाळेला आईचं आडनाव वेगळं असलेलं चालतं.

जातीचा दाखला लग्नाने बदलत नाही. तो वडिलांकडच्या पुराव्यांवरूनच निघतो, त्यामुळे माहेरच्या मंडळींकडून वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्यावा लागेल. बोलणं बंद असेल तर वडिलांच्या जुन्या शाळेत अर्ज करूनही उतारा मिळू शकतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्रही लागतं, आणि ते वेळखाऊ असतं.

बारा वर्षांची गॅप आहे. शिष्यवृत्ती मिळेल?

गॅपचे दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत होते. बारावी आणि पदवी प्रवेश यांमधली गॅप राज्याच्या योजनांना सहसा चालते. गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिक्षण बंद होतं, का, आणि त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, हे स्पष्ट लिहा. मात्र अभ्यासक्रम सुरू असताना पडलेली दोन किंवा जास्त वर्षांची गॅप राजर्षी शाहू योजनेत चालत नाही. मूल आजारी पडलं, वर्ष सोडावं लागलं तर एका वर्षाच्या आत परत या.

दुसरा अडथळा: एकदा बी.ए. झालेली बाई आता बी.कॉम. करणार असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. त्याच पातळीचं दुसरं शिक्षण नियमात बसत नाही. बी.ए. नंतर एम.ए. केलं तर पातळी वरची असल्याने वाट खुली राहते.

महाडीबीटीचा अर्ज भरताना काय चुकतं?

आधार-मोबाइल: ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर नवऱ्याचा असेल, किंवा कधीच बंद झालेला असेल, तर अर्ज सुरूच होत नाही. आधार केंद्रावर जाऊन आधी तो बदला.

बँक: ‘आधार लिंक’ आणि ‘आधार सीडिंग’ एक नव्हे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत जे खातं आहे त्यातच जातात. तुमची दोन-तीन खाती असतील आणि सीडिंग एखाद्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असेल, तर पैसे तिकडे जातात किंवा फिरतात. बँकेत ‘एनपीसीआय मॅपिंग’ असेच शब्द वापरून विचारा. पतीबरोबरचं संयुक्त खातं नको, स्वतःचं एकटीचं हवं.

फाइल: कागदपत्रं २५६ केबीच्या आत बसवावी लागतात. मोबाइलने फोटो काढून दाबून लहान केला की तहसीलदाराचा गोल शिक्का काळा डाग होतो आणि बारकोड वाचता येत नाही. त्यापेक्षा ‘आपले सरकार’वरून मिळालेली मूळ डिजिटल पीडीएफ वापरा, ती मुळातच हलकी असते. छापील कागद असेल तर करड्या छटेत स्कॅन करा आणि अपलोड केल्यावर उघडून शिक्का वाचता येतो का ते पाहा.

कॉलेज: ‘सबमिट’ दाबलं म्हणजे झालं नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. ‘अंडर स्क्रुटिनी बाय इन्स्टिट्यूट’ असं तीन आठवडे दिसत असेल तर शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाला भेटा, अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून द्या. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पाठवला नाही तर तो तसाच पडून राहतो. एसएमएस येईलच असं धरून बसू नका, आठवड्यातून एकदा लॉगिन करा.

हजेरी: ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर भत्ता अडतो. मुलाच्या आजारपणात पडलेल्या खाड्यांसाठी डॉक्टरांचं पत्र वेळच्या वेळी विभागप्रमुखांकडे द्या. वर्षअखेरीला एकगठ्ठा दिलेली पत्रं कोणी मनावर घेत नाही.

शिष्यवृत्ती मंजूर आहे, तरी कॉलेज आधी पूर्ण फी मागतं.

पात्र विद्यार्थिनीकडून माफ असलेलं शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी वाद घालून हाती काही लागत नाही. पोच असेल तर पुढे विभागाच्या सहसंचालक कार्यालयाकडे किंवा समाज कल्याण कार्यालयाकडे जाता येतं. उलट बाजूही पाळा: अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो, आणि त्यातली फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. ती घरभाड्यात गेली की निकाल अडकतो. पैसे आल्याच्या दिवशीच फीचा भाग बाजूला काढा.

बारावीच झालेली नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देता येते, किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. कॉलेजला रोज जाणं जमणार नसेल तर पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, किंवा मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं दूरशिक्षण केंद्र आहे. दूरशिक्षणाची फी मुळात कमी असते. शिष्यवृत्तीची मदत मात्र नियमित वर्गापेक्षा तोकडी मिळते.

‘सिंगल गर्ल चाइल्ड’ आणि ‘प्रगती’ माझ्यासाठी आहेत का?

सावित्रीबाई जोतीराव फुले सिंगल गर्ल चाइल्ड फेलोशिप ही आई-वडिलांचं एकुलतं एक अपत्य असलेल्या मुलीला पीएच.डी.साठी आहे. एकल आईशी तिचा संबंध नाही, नावामुळे गैरसमज होतो. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते, पण पात्रता परीक्षा आणि प्रवेश यांत दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको अशी तिची अट आहे. बहुतेक परतणाऱ्या आया तिथे बसत नाहीत. अर्ज करण्यात दिवस घालवू नका.

कर्ज काढावं का?

शेवटचा पर्याय म्हणून, आणि सरकारी बँकेतूनच. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. कर्ज हमी योजनेत ही मर्यादा ७.५ लाख आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होतात. सहकर्जदार मागतात: वडील, आई किंवा भाऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. इथेही व्यवस्थापन कोटा चालत नाही.

फी सुटली, पण मुलाचा खर्च कसा भागवू?

खरं तर इथूनच बऱ्याच जणींचं कॉलेज सुटतं, आणि मदत इथेही आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेत ४,००० रुपये, पण शहरात वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. एका मुलाला दोन्हीतली एकच. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, मंजुरी बाल कल्याण समितीची: शहरासाठी डोंगरी, उपनगरासाठी मानखुर्द. समितीपुढे मुलाला घेऊन जावं लागतं. त्या दिवशी शाळेचं बोनाफाइड आणि मुलाचं बँक पासबुक न विसरता ठेवा.

मूल पहिलीच्या वयाचं असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांचा अर्ज भरा. विधवा आणि घटस्फोटित आईसाठी तिथे कागदपत्रांची वेगळी यादी असते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांनाही आहेत, उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर.

पास आणि पुस्तकं?

लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास सर्वसाधारण विद्यार्थ्यांना २५ वर्षांपर्यंत, अनुसूचित जाती-जमातींना २७ पर्यंत मिळतो. त्यापुढे साधा त्रैमासिक पास काढा, दर महिन्यापेक्षा स्वस्त पडतो. प्रवासखर्च कॉलेज निवडतानाच हिशोबात धरा. पुस्तकांसाठी कॉलेजची पुस्तक पेढी पहिल्या आठवड्यातच गाठा. किंग्ज सर्कल आणि फोर्टच्या फुटपाथवर जुनी पाठ्यपुस्तकं मिळतात, पण अभ्यासक्रम बदलला आहे का ते आधी पाहा.

एजंटला पैसे देऊन शिष्यवृत्ती लवकर होते का?

नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला ‘प्रोसेसिंग फी’ नसते. सायबर कॅफेत अर्ज भरून घेतलात तरी पासवर्ड स्वतः टाका, ओटीपी कोणाला सांगू नका आणि मोबाइल नंबर तुमचाच ठेवा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा सगळं करायचं?

पहिल्या वर्षाइतकं नाही. अर्ज नूतनीकरणाचा असतो आणि जुनी माहिती तिथे दिसते. पण मागच्या वर्षाची मार्कलिस्ट लागते, आणि एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला दिला असेल तर नवा काढावा लागतो. म्हणून पहिल्यांदाच तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागून घ्या. मूळ कागदांची एक फाइल वेगळी करा, ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि प्रत्येक दाखल्याची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.